एका दाढेचे बेचाळीस हजार? इम्प्लांट, ब्रिज की खड्डा तसाच ठेवू?

दाढोबा
खालची उजवी पहिली दाढ. २०११ मध्ये रूट कॅनल करून कॅप बसवली होती, तेरा वर्षं बिनबोभाट चालली. डिसेंबरात गावी हुरड्याला गेलो, चटणीत खडा लागला, कट्ट. मूळ उभं चिरलं होतं, दाढ काढावी लागली. चार महिने झाले, जीभ दिवसभर त्या खड्ड्यात फेऱ्या मारते. डाव्या बाजूनंच जेवतो. पेरू बंद.

इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात. त्याचा भाव तीन ठिकाणी विचारला. आईच्या गावातला छोटा दवाखाना: चोवीस हजार, 'सगळं धरून'. घराजवळचे डॉक्टर: बेचाळीस हजार, कोरियन स्क्रू आणि झिरकोनियाची, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची, कॅप. तिसरीकडे काचेचं दार, कॉफीचं मशीन: सत्तर हजार, स्विस स्क्रू, आणि 'हाड कमी निघालं तर बोन ग्राफ्टचे, म्हणजे हाड भरण्याचे, वेगळे'. विमा कंपनीला फोन केला. अपघात होऊन दवाखान्यात दाखल झालात तर दाताचं बघू, म्हणे. चटणीतला खडा अपघातात बसत नाही.

खड्डा एकच, जबडा एकच, मग भाव तीन कसे? माझ्या मते ही लूट आहे. उलट मत असेल तर जरूर मांडा. फक्त 'आरोग्याला किंमत नसते' हे ऐकवू नका. सत्तर हजार असते.

अर्धाकप
खड्ड्याला टेंडर काढा. सगळ्यात कमी बोलीवाल्याला काम, पावसाळ्यात पुन्हा खड्डा.

पानशेतकर
लूटच. हृदयातल्या स्टेंटचे भाव असेच मनमानी होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं मर्यादा घातली. तेव्हा साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये. ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यांचा नंबर लागला. दाताचा स्क्रू मात्र मोकाट. बोटाच्या पेराहून लहान टायटॅनियमचा तुकडा तो! आणि तंत्र काही काल लागलेलं नाही. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९५२ मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियम घट्ट बसलेलं पाहिलं, १९६५ मध्ये पहिल्या माणसाला दात बसवले. साठ वर्षं जुनं काम, अजून नव्या नवरीचा भाव.

बत्तीशीवाले
मी दंतवैद्य आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. त्यामुळे पक्षपाती आहे, हे आधीच सांगतो.

पानशेतकर, स्टेंटची तुलना इथे लागू होत नाही. स्टेंटमध्ये वस्तूच महाग लावली जात होती. इम्प्लांटच्या बिलात स्क्रू हा लहान हिस्सा. माझ्याकडे कोरियन स्क्रू वापरला तर एकूण बिलाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास जातो. त्यावर सरकारनं उद्या मर्यादा घातली तरी दाढोबांचे दोन-तीन हजार वाचतील.

बाकीचे कशाचे? थ्रीडी स्कॅन, म्हणजे खालच्या जबड्यातली नस किती खाली आहे ते कळतं. तिला ड्रिल लागलं तर ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. मग स्क्रू बसवणं, हाड त्याला धरेपर्यंत तीन महिने वाट पाहणं (वरच्या जबड्यात चार ते सहा), हिरडी उघडणं, माप घेणं, मधला जोड म्हणजे अबटमेंट, वरची कॅप. नंतर स्क्रू सैल झाला तर रुग्ण येतो आणि मी पैसे घेत नाही, तेही त्याच बिलात. आणि शंभरातले दोन-चार हाडात धरतच नाहीत, ते पुन्हा करावे लागतात.

स्विस आणि कोरियन यांत फरक आहे का? आहे. जुन्या कंपन्यांच्या मागे जास्त वर्षांचा अभ्यास आहे, सुटे भाग वीस वर्षांनी मिळण्याची शक्यता जास्त. पण चांगल्या हातातला कोरियन स्क्रू शिकाऊ हातातल्या स्विसपेक्षा मी कधीही घेईन. शनिवार-रविवारचा कोर्स करून सोमवारी पाटी लावणारे आमच्यात आहेत. ते कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोललो.

मेणाचा_दात
मी डेंटल लॅबमध्ये कॅपा बनवतो. डॉक्टरसाहेब, हाताची किंमत मान्य. पण झिरकोनियाच्या एका कॅपचे मला तुमच्यासारख्यांकडून दोन-अडीच हजार मिळतात, तेही दोन महिन्यांनी. रुग्णाच्या कागदावर त्याच कॅपचे बारा हजार लिहिलेले मी पाहिलेत. दात मी रात्री अकरापर्यंत बसून घासतो, आणि रुग्णाला वाटतं तो 'जर्मनीहून आला'.

पानशेतकर
घ्या. घरातूनच साक्षीदार आला.

बत्तीशीवाले
मेणाचा_दात, बारा हजार म्हणजे अति झालं, तिथं मी बचाव करणार नाही. पण त्या कॅपचं माप चुकलं तर तुम्ही फुकट पुन्हा करून देता, आणि ती खुर्चीवर बसवताना माझा तास जातो. दोन महिन्यांच्या उधारीबद्दल मात्र आमच्या जमातीच्या वतीनं कोपरापासून नमस्कार.

निळीशाई
ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला दात, का नको, हे कुणीच विचारलं नाही. म्हणून माझीच कथा. २००९ मध्ये माझीही दाढोबांची गेली तीच दाढ गेली. ब्रिज केला, नऊ हजारांत तीन दात. त्यासाठी शेजारचे दोन्ही धडधाकट दात तासून बारीक केले. आरशात पाहिलं तेव्हा पेन्सिलीला टोक काढल्यासारखे दिसत होते. बारा वर्षं मस्त गेली. मग पुढच्या बाजूच्या तासलेल्या दाताला कॅपेखाली कीड लागली. वरून काही दिसत नव्हतं, फक्त वास यायचा, आणि मला वाटायचं पोट बिघडलंय. ब्रिज काढला तेव्हा तो दात भुशासारखा हातात आला. आता एकाऐवजी दोन खड्डे आहेत आणि इम्प्लांटही दोन. नऊ हजारांची ती बचत मला आज ऐंशीला पडली.

सुपारीफूल
निळीशाई, माझ्या सासूबाईंचा ब्रिज अठरा वर्षं झाली तरी चालू आहे आणि त्या अजून चिक्की खातात. शेजारच्या दातांना आधीच रूट कॅनल आणि कॅप असेल तर ब्रिजच शहाणपणाचा. एकाच्या अनुभवावरून फतवा नको.

निळीशाई
फतवा नाही हो. शेजारचे दात चांगले असतील तर त्यांना हात लावू नका, एवढंच म्हणतेय.

रातांबा
मी तिसऱ्या पक्षाचा. काहीच बसवू नका. माझी दाढ जाऊन सात वर्षं झाली. मासे खातो, काजू खातो, सोलकढीला तर दात लागतच नाहीत. नेदरलंडच्या कायझर नावाच्या दंततज्ज्ञांनी १९८१ मध्ये लिहून ठेवलंय की मागच्या दाढा नसल्या तरी पुढच्या जोड्यांवर माणसाचं व्यवस्थित भागतं. बेचाळीस हजारांत किती सुरमई येईल, हिशोब करा.

बत्तीशीवाले
रातांबा, कायझर बरोबर आहेत, पण तुमची दाढ कुठली? सगळ्यात मागची गेली असेल तर मीसुद्धा 'राहू द्या' म्हणतो. दाढोबांची मधली गेलीय, मागे अजून एक उभी आहे. ती हळूहळू पुढे झुकणार, वरची दाढ समोर कुणी नाही म्हणून खाली उतरणार. पाच वर्षांनी मन बदललं तर इम्प्लांटला जागाच उरलेली नसते.

रातांबा
शेवटचीच गेली होती. हे आधी सांगायचं होतं, मी सात वर्षं स्वतःला तत्त्वज्ञ समजत होतो.

जर्सीची_काकू
इकडे न्यू जर्सीत मला एका दाताचे साडेचार हजार डॉलर सांगितले. दातांचा विमा वर्षाला जेमतेम पंधराशे देतो. म्हणून डिसेंबरात पुण्याला आले, तीन आठवड्यांची रजा. पुण्यातल्या डॉक्टरांनी उत्तम काम केलं, पण स्क्रू बसवला आणि म्हणाले, कॅप तीन महिन्यांनी. म्हणजे पुढच्या डिसेंबरात! वर्षभर झाकण घेऊन हिंडले. कॅप बसली, परत आले, आणि सहा महिन्यांनी ती डुगडुगायला लागली. इथल्या दोन डेंटिस्टांनी हात वर केले, त्या कंपनीचा पाना त्यांच्याकडे नाही. भारतातून कंपनीचं नाव आणि नंबर मागवला, तिसऱ्यानं पाना मागवून पाच मिनिटांत घट्ट केलं. तपासणीचेच अडीचशे डॉलर गेले.

दाढोबा, कुठंही करा, पण स्क्रूच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या. कंपनी, माप, लॉट नंबर सगळं त्यावर असतं. मी आता ते पासपोर्टाच्या पाकिटात ठेवते.

पानशेतकर
चोवीस हजारवाल्याला स्टिकर मागून बघा. गंमत येईल.

एसटीचा_पास
सरकारी दंत महाविद्यालयांची नावं कुणी घेतली नाहीत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. मी अशाच एका ठिकाणी केलं, खासगीच्या निम्म्याहून कमी खर्चात. एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, करणारी मुलगी होती, मागे सर उभे. एकेक पायरी ती सरांना दाखवूनच पुढे जायची. चौदा खेपा झाल्या, दर वेळी पहाटेची गाडी. रोजंदारीवाल्याला चौदा दिवस म्हणजे काय, तेही धरा हिशोबात. मी निवृत्त आहे, मला परवडलं.

दाढोबा
सगळ्यांचे आभार. काल बेचाळीसवाल्यांकडे जाऊन सरळ म्हणालो, लिहून द्या. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागं लिहिलं: स्कॅन, स्क्रू, जोड, कॅप, पाच वर्षांत सैल झाला तर मोफत, हाडानं धरला नाही तर एकदा पुन्हा बसवणार, फक्त नव्या स्क्रूचे पैसे. अक्षर लागेना म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं. स्टिकर देतो म्हणाले. सत्तरवाल्यांना हेच विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, 'सर, पॅकेज आहे.' चोवीसवाल्यांनी फोन उचलला नाही.

मत अजून पूर्ण बदललेलं नाही. बेचाळीस जास्तच आहेत. पण निदान कशाचे ते कळलं.

बत्तीशीवाले
ठीक वाटतंय. जाता जाता, तंबाखू, सिगारेट? आणि साखर तपासली का? तीन महिन्यांच्या सरासरीची, एचबीएवनसी.

दाढोबा
तंबाखू नाही. साखर आहे. शेवटची सरासरी ८.९.

बत्तीशीवाले
अहो मग एवढे दिवस भाव कशाचा करताय? ८.९ वर स्विस असो की कोरियन, हाड नीट धरेल याची खात्री मी देणार नाही. जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्गाची भीती वाढते. आधी तुमच्या फिजिशियनला भेटा, सातच्या आसपास आणा, मग खुर्चीत बसा. त्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं?

दाढोबा
विचारलं होतं. मी 'बॉर्डरवर आहे' म्हणालो.

अर्धाकप
बॉर्डर ओलांडून कधीच पलीकडे गेलात. धागा तीन महिन्यांनी वर काढतो. रिपोर्टसकट या.