मदत हवी आहे: ऑकलंडच्या एप्सम मतदारसंघाचा इतिहास

न्यूझीलंडच्या राजकारणावर थोडं लिहितोय आणि एप्समपाशी अडकलोय. ऑकलंडच्या मध्यभागातला हा श्रीमंतांचा भाग, नॅशनल पक्षाचा बालेकिल्ला. तरी 2005 मध्ये तिथे अ‍ॅक्ट या नॅशनलच्या छोट्या मित्रपक्षाचे रॉडनी हाइड निवडून आले, पुढे 2011 ला जॉन बँक्स, 2014 पासून डेव्हिड सीमोर. न्यूझीलंडमध्ये प्रत्येकाला दोन मतं: एक पक्षाला, एक स्थानिक उमेदवाराला. देशभरात 5 टक्के मतं किंवा एक मतदारसंघ, यांपैकी काहीतरी जिंकलं की पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा. म्हणूनच 2008 मध्ये एप्सम जिंकल्यामुळे 3.65 टक्क्यांवर अ‍ॅक्टला 5 जागा, आणि एकही मतदारसंघ न जिंकता 4.07 टक्के मिळवणारा न्यूझीलंड फर्स्ट पक्ष रिकाम्या हाताने घरी! नॅशनलचे पॉल गोल्डस्मिथ तर एप्सममध्ये उभे राहून ‘मला नको, पक्षाला मत द्या’ म्हणायचे. (असा उमेदवार आपल्याकडे शोधून सापडणार नाही.)

माझी अडचण 2005 ची आहे. तेव्हा नॅशनलचे रिचर्ड वर्थ विद्यमान खासदार होते आणि हरले. म्हणजे स्थानिक मत अ‍ॅक्टला देण्याची ही खेळी आधी नॅशनलच्या मतदारांनीच केली, पक्षाने नंतर मान्य केली, असं म्हणता येईल का? त्या वर्षीचे मतदान केंद्रनिहाय आकडे, दोन्ही मतांचे, कुठे बघायला मिळतील? शिवाय 1996 ला एप्समच्या आधीचा रेम्युएरा मतदारसंघ मोडला, तेव्हाच्या सीमांचा नकाशा कुणाकडे असेल तर फार बरं होईल.