शहापूरच्या पाड्यांची जनगणना आकडेवारी: कोड कोणता धरायचा?

प्रश्न: शहापूर तालुक्यातल्या काही पाड्यांची २०११ ची लोकसंख्या हवी आहे. जनगणनेच्या यादीत पाड्यांची नावंच नाहीत. एलजीडी (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) कोड आणि जनगणनेचा कोड एकच का?

उत्तर १: पाड्याला स्वतंत्र कोड नसतो. जनगणनेचं एकक महसुली गाव. पाडे त्यातच मोजले जातात. आधी सातबाऱ्यावरून महसुली गाव शोधा. मग जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या भाग ब मध्ये त्या गावाचा सहा अंकी कोड मिळेल. राज्याचा कोड २७, ठाणे जिल्ह्याचा ५१७. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, म्हणून २०११ च्या फाइलमध्ये ठाण्याखाली पंधराच्या पंधरा तालुके दिसतात. सध्याच्या ठाण्याचे त्यातले सातच. जिल्ह्याची बेरीज तशीच उचलाल तर आता पालघरमध्ये असलेले जव्हार-मोखाडाही ठाण्यात मोजाल!

उत्तर २: एलजीडी हा पंचायत राज मंत्रालयाचा कोडांचा वेगळा संच. त्यातल्या गावाच्या नोंदीत २०११ चा जनगणना कोडही दिलेला असतो, दोन्ही याद्यांची जोडणी त्यावरच करा. नावावर नको, एकाच नावाची गावं बरीच, शिवाय स्पेलिंगचा घोळ.

२००१ चे कोड आठ अंकी, ते थेट जुळत नाहीत.

आणि एक्सेलमध्ये कोडचे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करा. तालुक्याचा कोड पाच अंकी, शून्याने सुरू होणारा. ते शून्य गळलं की जोडणी रिकामी येते.

उत्तर ३: लोकसंख्या शून्य दिसली तर लगेच चूक समजू नका. ओसाड गावालाही कोड असतो.