'एनर्जी' साठी ऊर्जा, शक्ती की ऊब? आणि वार की नाळ?

गावातल्या बायांसाठी तान्ह्या बाळाच्या काळजीचं माहितीपत्रक लिहितेय. मूळ मजकुरात जिथे तिथे एनर्जी आहे. ऊर्जा लिहिलं की विजेचं काहीतरी वाटतं, शक्ती लिहिलं की टॉनिक. आणि प्लॅसेंटाला नाळ म्हटलं तर चालेल का?

— नाळ नको ताई. प्लॅसेंटा म्हणजे वार, आमच्याकडे गुरांची असेल तर जार म्हणतात. आईच्या रक्तातली साखर वारेतून पलीकडे जाते आणि नाळ ती बाळापर्यंत नेते, दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत. पोटातल्या बाळासाठी सरळ 'पोषण' लिहा. ऊबही तिथे आयतीच असते, उलट बाळच आईपेक्षा साधारण अर्धा अंश गरम असतं.

— मला जन्मानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. नाळ कापली की साखर येणं बंद, पहिल्या एक-दोन तासांत रक्तातली साखर उतरते, मग यकृतातला साठा काही तास पुरतो आणि त्यानंतर चरबी वापरायला लागते, आणि हे चालू असतानाच अंग गरमही ठेवायचं असतं, त्यात तान्ह्या बाळाला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. त्याच्या पाठीत खांद्यांच्या मधे, मानेभोवती, मूत्रपिंडांभोवती ब्राउन फॅट असते ती जाळून ऊब तयार होते. 'तपकिरी चरबी' ने काय कळणार, 'ऊब देणारी चरबी' लिहा. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाकडे ही कमी असते हेही टाकाच. म्हणून माझं मत ऊब आणि साठा, हे दोन शब्द.

— शक्ती तर अजिबात नको हो. शक्ती म्हटलं की घरातलं कुणीतरी मध चाटवतंच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम, म्हणजे जंतूंमुळे होणारी विषबाधा, होऊ शकतो, जिवावर बेततं.

— आणि कोलोस्ट्रमला चीकच लिहा, खरवसामुळे सगळ्यांना माहीत असतो. फक्त 'आईचा चीक' असं स्पष्ट लिहा, कारण पिवळं दूध खराब म्हणून पिळून टाकणाऱ्या बाया अजून भेटतात आणि फार वाईट वाटतं, थोडासाच येतो पण तेवढाच पुरतो.

सगळ्यांचे आभार. असं लिहिलंय: 'जन्मल्यावर बाळाला लगेच कोरडं पुसा, आईच्या उघड्या छातीशी ठेवा, वरून पांघरूण आणि डोक्याला टोपडं घाला. पहिल्या तासाभरात आईचा चीक पाजा. निदान २४ तास न्हाऊ घालू नका, अंगातली ऊब जाते.'

— छान झालंय. पाय गार लागले तर काय करायचं तेही एका ओळीत लिहा, बाया आधी पायच चाचपून बघतात.