फ्लॅटसाठी स्वस्तातलं इलेक्ट्रिक ग्रिल: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ठाण्यात सातव्या मजल्यावर भाड्याचा वन बीएचके, बाल्कनी जेमतेम चार फूट रुंद. पनीर टिक्का, मक्याची कणसं आणि अधूनमधून सुरमईच्या तुकड्या भाजायला, चौघांपुरतं छोटं ग्रिल हवंय. बजेट 3000, फार ताणलं तर 3500.

कोळशाचं नकोच. सोसायटीची मनाई आहे, आणि बंद घरात कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका. त्याला वासही नसतो, त्यामुळे पत्ताच लागत नाही. कृपया तो पर्याय सुचवू नका.

गॅसवरचा तंदूर वापरून पाहिला. पनीर कडेला करपतं, मध्ये पांढरंच राहतं आणि दह्याचं मॅरिनेशन थेट बर्नरवर गळतं. बिडाच्या ग्रिल पॅनवर कणीस जिथे टेकतं तेवढंच भाजतं.

म्हणून उघड्या कॉइलचं, खाली पाण्याचा ट्रे असलेलं इलेक्ट्रिक ग्रिल बघतेय. पण दिसतात ती बहुतेक 2000 वॉटची. बाल्कनीत सॉकेट 6 अँपिअरचा, म्हणजे 230 व्होल्टला जास्तीत जास्त 1380 वॉट. 16 अँपिअरचा पॉइंट फक्त स्वयंपाकघरात आहे. तिथून एक्स्टेंशन ओढायचं नाही, आणि घरमालक नवीन वायरिंग करू देणार नाहीत. स्वयंपाकघरात चिमणी नाही, साधा एक्झॉस्ट फॅन आहे.

1200-1300 वॉटचं ग्रिल कुणी वापरतंय का? त्यावर सुरमई खरपूस होते की नुसती शिजते? की 2000 वॉटचंच घेऊन स्वयंपाकघरात वापरावं, आणि तसं केलं तर एवढ्याशा एक्झॉस्टला धूर आवरतो का?