खिडक्या नाहीत, कोबा नाही, वर पाऊस चालू... वायर आत्ताच ओढू का?

मखमलाबादकर:
नमस्कार मंडळी, मखमलाबादला आमच्या घराचं काम चालूये, दोन्ही स्लॅब झालेत, वीटकाम पण झालंय, पण खिडक्या बसल्या नाहीत आणि गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा कोबा नाही. वायरमन म्हणतो सगळी वायर आत्ताच ओढून टाकतो, त्याला दुसरी साइट धरायचीये. परवा हॉलच्या फॅनबॉक्समधून पाणी टपकत होतं ते बघून माझा जीव खालीवर होतोय. काय करू?

वायरमन सिडको:
दादा वायर अजिबात नको. त्याला म्हणा भिंतीत झिऱ्या (पाइपासाठी खाचा) मार, पाइप टाक, बॉक्स बसव आणि खुशाल जा. स्लॅबमधल्या पाइपाला कुठेतरी पोट येतंच, तिथे पाणी साचतं आणि बाहेरून कळत नाही. ओढायच्या आधी पाइपातून कापडाचा बोळा काढून बघायचा, ओला आला तर थांबायचं. मल्टीस्ट्रँड वायरचं टोक पाण्यात राहिलं की पाणी तारांमधून आत चढतं, सोलल्यावर तांबं काळं निघतं, मग जॉइंट नीट पकडत नाही आणि लोड आला की तापतो. पाइपांची तोंडं आजच बंद करा, पाऊस सोडा हो, प्लास्टरचा माल आत जातो, नाहीतर कुंभारमाशी मातीचं घर करते आणि वायर ओढायची स्प्रिंग पुढे सरकत नाही.

पंचवटीवाला:
पीव्हीसी वायर काय थोड्या पाण्याने मरत नाही. मला तर चोरीची जास्त भीती वाटते. आमच्या इथे एका साइटवर रात्रीतून सगळी वायर ओढून नेली, पाइप जागच्या जागी, दारं-खिडक्याच नव्हत्या ना.

मखमलाबादकर:
मग कधी ओढू? तो पैसे मागतोय.

वायरमन सिडको:
कोबा, आतलं प्लास्टर, खिडक्या झाल्या की. पैसे पाइपाच्या कामापुरतेच द्या. ओढल्यावर पंखे-दिवे जोडायच्या आधी प्रत्येक सर्किट ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) चेक करा, १ मेगोहमच्या खाली आलं तर काम ताब्यात घेऊ नका, नवी कोरडी वायर त्याच्या कितीतरी वर दाखवते. आणि आत्ता झिऱ्या मारायचा कटर कशावर चालतोय? टेम्पररी बोर्डाला ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच) आहे का?

मखमलाबादकर:
नाहीये. आत्ताच फोटो मागवला, प्लगच नाही, वायरी सॉकेटच्या भोकात घालून आगपेटीच्या काड्या खोचल्यात 😬 उद्या एमजी रोडवरून आणतो. टू पोल की फोर पोल?

वायरमन सिडको:
सिंगल फेज असेल तर टू पोल. अर्थिंग पण बघून घ्या आणि तोवर कटर बंद.