शब्दचर्चा : ‘रेटिंग’, ‘रीच’, ‘वॉटरशेड’ आणि ब्रिटिश टीव्हीचे इतर शब्द

नाशिकहून (मूळ प्रश्न)

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी ब्रिटिश टीव्हीवरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. लेख कार्यक्रमांपेक्षा आकड्यांबद्दल जास्त आहे. कुठला कार्यक्रम किती लोकांनी पाहिला, तो कुठल्या वेळेला लावला होता, का चालला, का पडला, अशा अंगाने जातो. पहिल्याच पानावर अडकले.

‘गॅव्हिन अँड स्टेसी’ या विनोदी मालिकेचा विशेष भाग बीबीसी वनने २०१९च्या नाताळला दाखवला. मी लिहिलं, “या भागाला ११.६ दशलक्ष रेटिंग मिळाले, ते नंतर १७.१ दशलक्ष झाले.” संपादकांनी समासात लाल शाईने लिहून पाठवलं : “भाग एकदाच लागला ना? मग रेटिंग नंतर वाढलं कसं? आणि दशलक्ष म्हणजे किती ते माझ्या आईला कळेल का?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. रेटिंग, शेअर, रीच, ओव्हरनाइट, वॉटरशेड हे शब्द लेखात पानोपानी येतात. शब्दकोश उघडला की एकेकाचे चार अर्थ मिळतात, पण टीव्हीवाल्यांचा अर्थ त्यात नसतो. कृपया मदत करा.

गिरगावातून

ताई, दशलक्ष आधी काढून टाका. मी वीस वर्षं पुरवणीचं पान लावते. वाचक ‘दशलक्ष’पाशी थांबतो, मनात दहाने गुणतो आणि तोवर वाक्य हातचं निसटतं. १ कोटी १६ लाख आणि १ कोटी ७१ लाख असं लिहा. आपण लोक लाख-कोटींतच मोजतो.

‘टीआरपी’ मात्र वापरू नका. तो मराठीत इतका मुरला आहे की हात आपोआप तिकडे जातो. ‘टीआरपी गडगडला’, ‘टीआरपीच्या शर्यतीत’ हे रोजचं झालंय. पण तो आपल्याकडचा शब्द आहे. ब्रिटिश वर्तमानपत्रं सहसा माणसांचा आकडाच देतात, गुण देत नाहीत. तिथल्या बातमीला टीआरपी चिकटवला की वाचकाला वाटतं, तेही आपल्यासारखंच मोजत असतील.

बर्मिंगहॅमहून

इथे पंचवीस वर्षं झाली, म्हणून मोजणी कशी होते ते आधी सांगतो. मोजणी कळली की शब्द सोपे होतात.

इथे ‘बार्ब’ नावाची संस्था आहे, १९८१पासून. देशभरातली काही हजार घरं निवडलेली असतात आणि त्या घरांतल्या टीव्हींना मीटर जोडलेलं असतं. पण टीव्ही चालू आहे एवढ्यावर भागत नाही. घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण दिलेलं असतं. खोलीत आलं की आपलं बटण दाबायचं, उठून गेलं की पुन्हा दाबायचं. पाहुणा आला तर त्याचीही नोंद करायची. म्हणजे चक्क हजेरी लागते. या हजेरीवरून सगळ्या देशाचा अंदाज काढतात.

आता संपादकांचा प्रश्न. त्या रात्री जेवढ्यांनी पाहिलं त्याचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळतो, त्याला इथे ‘ओव्हरनाइट’ म्हणतात. पण पुष्कळ लोक कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवतात किंवा चार दिवसांनी सवडीने पाहतात. सात दिवसांत असं जे पाहिलं जातं ते मिळवून जो आकडा येतो तो ‘कन्सॉलिडेटेड’. तुमचे १ कोटी १६ लाख हे त्या रात्रीचे आणि १ कोटी ७१ लाख हे सात दिवसांचे. मध्ये पंचावन्न लाख माणसं आहेत, आणि ती नाताळच्या रात्री टीव्हीपुढे नव्हती. ती मंडळी जेवणाच्या टेबलावर असतील, प्रवासात असतील, आजीकडे असतील.

दौंडहून

मग ओव्हरनाइटला ‘कच्चा आकडा’ आणि कन्सॉलिडेटेडला ‘पक्का आकडा’ म्हणावं का? आपल्याकडे कच्चं खातं आणि पक्कं खातं असतंच.

गिरगावातून

शब्द छान आहेत, पण ‘कच्चा’ म्हटलं की त्यात चूक असेल, तो पुढे दुरुस्त होईल असं वाटतं. ओव्हरनाइट चुकीचा नसतो, त्या रात्रीपुरता तो पुराच असतो. आणि ‘रातोरात’ तर अजिबात नको, त्याचा अर्थ एकदम, अचानक असा होतो. मी सरळ ‘त्या रात्रीचा आकडा’ आणि ‘सात दिवसांचा आकडा’ लिहीन. शब्द लांब झाले तरी कुणाला विचारावं लागत नाही.

नाशिकहून

पटलं. संपादकांच्या प्रश्नाचं उत्तरही त्या दोन शब्दांतच आलं. आता ‘रीच’ आणि ‘रेटिंग’. मी एकीला ‘पोच’ आणि दुसऱ्याला ‘प्रेक्षकसंख्या’ लिहिलं होतं. पण दोन्हींत माणसंच मोजली आहेत, मग आकडे वेगळे का?

बर्मिंगहॅमहून

हीच खरी अडचण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा एक तासाचा कार्यक्रम आहे. मी अर्धा तास पाहिला आणि उठलो. माझ्या बायकोने पूर्ण पाहिला. शेजारचा मुलगा पाच मिनिटं डोकावून गेला. बातमीत येणारा नेहमीचा आकडा, म्हणजे तुमचं ‘रेटिंग’, सरासरीचा असतो. दर मिनिटाला किती माणसं समोर होती ते मोजायचं आणि त्याची सरासरी काढायची. त्या हिशेबात मी अर्धा माणूस, बायको एक, आणि तो मुलगा एक-द्वादशांश. ‘रीच’मध्ये मात्र कार्यक्रमाशी थोडा वेळ तरी संबंध आलेला प्रत्येक जण पुरा मोजला जातो. किती वेळ ते ठरवून घेतात. कधी सलग तीन मिनिटं, कधी पंधरा. तीन मिनिटांची अट असेल तर तो मुलगाही पुरा एक.

म्हणून रीच नेहमी मोठा दिसतो. वाहिनीला फुशारकी मारायची असली की ती रीचच पुढे करते. आणि ‘पीक’ म्हणजे ज्या क्षणी सर्वांत जास्त माणसं समोर होती तो आकडा.

गिरगावातून

काका, हे वाचून मला वाटतं की आपण नामं शोधत बसलो आहोत आणि उत्तर क्रियापदात आहे.

‘एक कोटी लोकांनी कार्यक्रम पाहिला’ आणि ‘एक कोटी लोक कार्यक्रम पाहत होते’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ‘पाहिला’ म्हटलं की क्रिया पुरी झाली, माणसं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसली असं ऐकू येतं. ‘पाहत होते’ म्हटलं की कुठल्याही क्षणी खोलीत डोकावलं तर एवढी माणसं दिसली असती, असा अर्थ होतो. सरासरी नेमकी हेच सांगते. रीचसाठी काकांनीच शब्द वापरलाय : ‘डोकावून गेले’. पंधरा मिनिटांच्या अटीला ‘डोकावणं’ थोडं हलकं पडेल, तिथे ‘काही भाग तरी पाहिला’ लिहा.

आपल्या मराठी क्रियापदात ही सोय आयती आहे. नवा शब्द पाडण्याआधी ती वापरून पाहायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

नाशिकहून

गिरगावच्या ताई, हे वाचून मी उठून पुन्हा पहिलं पान काढलं. लेखात मोरकम आणि वाइज या विनोदी जोडीच्या १९७७च्या नाताळच्या कार्यक्रमाचा उल्लेख आहे. एके ठिकाणी २ कोटी ८० लाख आणि दुसरीकडे २ कोटी १३ लाख. मला वाटलं लेखकाची चूक झाली.

बर्मिंगहॅमहून

चूक नाही. १९८१च्या आधी इथे दोन मोजण्या चालत. बीबीसीची माणसं लोकांना गाठून विचारायची, काल काय काय पाहिलं? जाहिरातींवर चालणाऱ्या आयटीव्हीची मंडळी ‘जिक्टार’चे आकडे धरायची. तिथे घरोघरच्या टीव्हींना मीटर असत आणि कोण बसलं होतं त्याची घरातले लोक डायरीत नोंद करत. २ कोटी ८० लाख हा बीबीसीचा आकडा, २ कोटी १३ लाख हा जिक्टारचा. रात्र एकच, कार्यक्रम एकच आणि फरक ६७ लाखांचा. ही रोजची वादावादी संपावी म्हणून दोघांनी मिळून बार्ब काढलं.

गिरगावातून

बघा, इथेही क्रियापदच आहे. एकाने विचारलं, “काल काय पाहिलंत?” दुसऱ्याच्या यंत्राने नोंदवलं, टीव्ही कधी ‘चालू होता’. नाशिकच्या ताई, लेखात दोन्ही आकडे राहू द्या, पण कोणी कसा मोजला ते लगेच शेजारी लिहा. ब्रिटनमधले लोक आजही मोठा आकडाच आठवणीने सांगतात, असं काकांच्या बोलण्यावरून वाटतं.

बर्मिंगहॅमहून

अगदी खरं. माझ्या कामावरचे जुने सहकारी २ कोटी ८० लाखच सांगायचे, आणि सांगताना चेहरा उजळायचा.

‘शेअर’चं राहिलं. ‘वाटा’ बरोबर आहे, पण कशातला ते लिहायला हवं. त्या वेळी टीव्हीसमोर जेवढे लोक आहेत त्यांतले शेकडा किती जण आपली वाहिनी पाहत होते, तो शेअर. पहाटे तीन वाजता थोडेच लोक जागे असतात, तेव्हा थोड्या प्रेक्षकांतही वाटा मोठा निघतो. इथल्या तांत्रिक भाषेत ‘टीव्हीआर’ वेगळा. तो ठरवलेल्या गटातल्या सगळ्यांपैकी शेकडा किती जण पाहत होते असा मोजतात, मग त्यांचा टीव्ही चालू असो वा बंद. जाहिरातवाल्यांना तो लागतो.

अजून एक गोड आकडा आहे. बीबीसी प्रेक्षकांकडून कार्यक्रमाला शंभरांपैकी गुण घेत आली आहे. ८५च्या वर गेला की उत्तम. ‘अप्रिसिएशन इंडेक्स’. याला काय म्हणाल?

गिरगावातून

दाद! दुसरा शब्दच नाही. ‘कार्यक्रमाला ८८ दाद मिळाली’ हे कानाला खटकतं खरं, म्हणून ‘दादांक’ करू. गाण्याच्या बैठकीत गर्दी किती आणि दाद किती या दोन निराळ्या गोष्टी असतात, ते आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही.

नाशिकहून

दादांक घेतला. आता ‘वॉटरशेड’. इथे मी घोर चूक केली आहे. “पाणलोटानंतर प्रौढांसाठीचे कार्यक्रम दाखवता येतात” असं लिहून बसले.

दौंडहून

हा माझा विषय, म्हणून लिहितो. जलसंधारणाच्या कामात आयुष्य गेलं.

आपण पाणलोट म्हणतो ते क्षेत्र असतं : जेवढ्या जमिनीवरचं पाणी वाहत एका ओढ्याला येतं तेवढी जमीन. अमेरिकेत वॉटरशेड याच अर्थाने वापरतात आणि आपले ‘पाणलोट विकास’ त्यातूनच आले. पण ब्रिटिशांचा वॉटरशेड म्हणजे डोंगराची ती धार, जिथे पाणी दोन्हीकडे वाटलं जातं. भूगोलाच्या पुस्तकात त्याला जलविभाजक म्हणतात. आपला सह्याद्री हा मोठा जलविभाजक. माथ्यावर पडलेला एक थेंब पश्चिमेला उतरला तर थोड्याच वेळात अरबी समुद्रात, पूर्वेला उतरला तर कृष्णा-गोदावरीतून सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात. ‘शेड’ म्हणजे इथे छप्पर नाही. त्या शब्दाचा जुना अर्थ विभागणी, केसांचा भांग पडतो तशी.

टीव्हीत ती धार कुठे आहे ते बर्मिंगहॅमचे काका सांगतील.

बर्मिंगहॅमहून

रात्री नऊला. मुलांना पाहायला योग्य नाही असं काही नऊच्या आधी दाखवायचं नाही, आणि नऊनंतरची सवलत पहाटे साडेपाचपर्यंत. नियमन ‘ऑफकॉम’ ही इथली संस्था करते. त्यातली एक अट तुम्हाला आवडेल : नऊ वाजले म्हणून एकदम कडेलोट करायचा नाही, हळूहळू उतरायचं.

दौंडहून

वा! आम्ही कामात ‘माथा ते पायथा’ म्हणतो, अगदी तसंच. मग ‘नऊचा घाटमाथा’ म्हणा ना.

गिरगावातून

दादा, शब्द सुंदर आहे. पण दिवाळी अंकाच्या वाचकाला तो समजवायला तुमचा वरचा परिच्छेद द्यावा लागेल. ‘नऊची वेस’ चालेल का? ‘नऊची वेस ओलांडल्यावर’ म्हटलं की आतलं आणि बाहेरचं वेगळं होतं. उतार त्यात येत नाही, तेवढं कमी पडतं. ते पुढच्या वाक्यात सांगता येईल.

नाशिकहून

वेस घेते. घाटमाथ्याचा परिच्छेद मात्र चौकटीत टाकायची परवानगी संपादकांकडे मागते, दौंडच्या दादांची हरकत नसेल तर.

वेळापत्रकाचे शब्द पटकन विचारते. ‘सीरीज टू’ला मी ‘दुसरी मालिका’ लिहिलं होतं, ते ‘दुसरं पर्व’ करते, कारण अमेरिकन ज्याला सीझन म्हणतात त्याला ब्रिटिश सीरीज म्हणतात. बरोबर ना? आणि ‘हॅमॉकिंग’?

बर्मिंगहॅमहून

पर्व अगदी बरोबर. हॅमॉकिंग म्हणजे दोन तगड्या कार्यक्रमांच्या मध्ये एक नवखा कार्यक्रम टांगायचा. लोक पहिला पाहून उठत नाहीत आणि तिसऱ्याची वाट पाहतात, तेवढ्यात मधला पाहून होतो.

दौंडहून

झोळी! दोन खांबांना बांधलेली बाळाची झोळी.

गिरगावातून

झोळी नक्की. बाळ अजून चालत नाही, म्हणूनच ते झोळीत आहे. आणि दोन वाहिन्यांनी तगडे कार्यक्रम एकाच वेळी ठेवले तर ‘समोरासमोर लावले’ म्हणा. नाटक-सिनेमावाले तसंच म्हणतात.

बर्मिंगहॅमहून

त्याचं चांगलं उदाहरण देतो. ‘ईस्टएंडर्स’ ही मालिका बीबीसीने फेब्रुवारी १९८५मध्ये संध्याकाळी सातला सुरू केली. समोर आयटीव्हीची ‘एमरडेल फार्म’ होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीबीसी वनचे प्रमुख मायकेल ग्रेड यांनी तिची वेळ साडेसात केली, म्हणजे समोरासमोरची टक्कर टळली. पुढच्या वर्षीच्या नाताळला तिचा आकडा ३ कोटी १ लाख ५० हजारांवर गेला.

नाशिकहून

हा आकडा लेखातही आहे, आणि शेजारी ‘ऑम्निबस’ असा शब्द आहे. त्याला मी ‘सर्वसमावेशक भाग’ लिहिलं.

बर्मिंगहॅमहून

नको नको! आठवड्याचे भाग रविवारी दुपारी सलग पुन्हा दाखवायचे, तो ऑम्निबस. त्या ३ कोटींत नाताळच्या रात्रीचे प्रेक्षक आणि रविवारचे प्रेक्षक असे दोन्ही मिळवलेले आहेत.

गिरगावातून

मग ‘रविवारचे सलग भाग’. आणि क्रियापद जपा ताई, कारण दोन्ही वेळा पाहणारा माणूस त्या बेरजेत दोनदा आला असणार.

नाशिकहून

असं लिहिलं आहे, बघा : “१९८६च्या नाताळच्या रात्री आणि नंतर रविवारच्या सलग भागांना मिळून सरासरी ३ कोटी १ लाख ५० हजार प्रेक्षक टीव्हीसमोर होते.” संपादकांच्या आईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे काही जण दोनदा बसले असतील.”