रविवारी समुद्रकिनाऱ्यावर जायचे आहे, पण आदल्या दिवशी पौर्णिमा : बेत रद्द करावा का?

प्रश्न – सहकुटुंब

येत्या रविवारी शहराच्या टोकाला असलेल्या उपनगरातील समुद्रकिनाऱ्यावर सासूबाईंना आणि सहा वर्षांच्या मुलाला घेऊन जायचे आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे भुसभुशीत वाळूत त्यांना चालवत नाही. मुलाला मात्र पाण्यात उतरण्याशिवाय दुसरे काही सुचत नाही. ऊन कलल्यावर साडेचारला पोहोचून काळोख पडण्याआधी परतावे, असे ठरवले होते. परंतु शनिवारी पौर्णिमा आहे आणि भरतीच्या तक्त्यात रविवारी दुपारी १२.४० ला ४.६ मीटर, तर संध्याकाळी ६.५० ला ०.६ मीटर असे आकडे आहेत. साडेचार मीटर पाण्याजवळ मुलाला न्यावे तरी कसे? बेत रद्द करावा का?

उत्तर – खारा वारा

तक्त्यातील ४.६ ही काठाजवळच्या पाण्याची खोली नव्हे. एक नीचतम पातळी ठरवलेली असते आणि तिच्यापासून पाणी किती वर चढले, ते हा आकडा सांगतो. काठावर पाणी घोट्याएवढेच असते. भरतीला तो काठ जमिनीकडे सरकतो, एवढेच.

आपल्या बेतासाठी खरा उपयोगाचा आकडा दोहोंमधील फरकाचा, म्हणजे ४ मीटरचा आहे. ओहोटीचे सुमारे सहा तास धरले, तर पाणी सुरुवातीला आणि शेवटी संथपणे उतरते आणि तिसऱ्या व चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मे उतरते. रविवारी हे दोन तास २.४० ते ४.४० असे येतात. पुळण सपाट असेल, समजा पन्नास मीटर चालल्यावर एक मीटर उतार, तर तेवढ्या वेळात काठ शंभर मीटर मागे गेलेला असेल. मागे राहिलेली ओली वाळू घट्ट असते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यावर चालणे कोरड्या वाळूपेक्षा पुष्कळ सोपे जाते. त्यामुळे साडेचारची वेळ मला उत्तम वाटते. दुपारी एक वाजता गेला असता, तर कोरड्या वाळूच्या अरुंद पट्ट्यावर सगळी गर्दी दाटलेली दिसली असती.

उत्तर – काठावरचा

सासूबाईंपुरते वरील उत्तर पटते. मुलाच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. ओहोटीचे पाणी समुद्राकडे निघालेले असते. शिवाय लाटांनी काठावर आणलेले पाणी परत जाताना एखाद्या खोलगट वाटेने जोरात बाहेर पडते आणि हा प्रवाह बऱ्याच ठिकाणी पाणी उतरलेले असताना अधिक तीव्र होतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला जो पट्टा गडद, शांत आणि बिनफेसाचा दिसतो, तीच ती वाट. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडलेल्या मोठ्या माणसाने काठाकडे झगडत न येता आधी काठाला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे. सहा वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा करता येत नाही. म्हणून मुलाला लाटांत न नेता ओहोटीनंतर वाळूत उरलेल्या उथळ डबक्यांत खेळू द्यावे, आणि तेही हाताच्या अंतरावर. लाल-पिवळे बावटे लावलेले असल्यास स्नानाची जागा त्या दोहोंमध्येच. नुसता लाल बावटा असल्यास पाण्यात उतरूच नये. वाळूवर निळसर फुग्यासारखा जीव पडलेला दिसल्यास त्याला हात लावू देऊ नका. तो मेलेला असला तरी डंख होतो.

आणि गाडी नेणार असाल, तर ती ओल्या वाळूवर उभी करू नये. कोणे एके काळी मी हा पराक्रम केला होता. परतलो तेव्हा चाके निम्मी रुतली होती आणि पाणी दारापाशी आले होते.

उत्तर – तिथीवाचक

घाई नसेल, तर पुढच्या रविवारी जावे. उधाण पौर्णिमेच्या दिवशीच नव्हे, तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी अधिक असते, म्हणजे हा रविवार नेमका त्यातच सापडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाण्याची चढउतार बरीच कमी होते.

उत्तर – खारा वारा

सूचना चांगली आहे, परंतु वेळ जुळत नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे जाते. सात दिवसांत ती सहा तासांच्या आसपास सरकून संध्याकाळी साडेसहाला येईल. म्हणजे साडेचारला पाणी चढत असेल आणि सासूबाईंना मऊ वाळूच मिळेल. त्या रविवारी सकाळी उशिरा जाणे जमत असेल, तर मात्र अवश्य जावे.

सहकुटुंब

सर्वांचे आभार. सकाळी उशिरा म्हणजे डोक्यावर ऊन, आणि ते सासूबाईंना सोसत नाही. त्यामुळे याच रविवारी साडेचारला जाऊ आणि मुलाला डबक्यांतच खेळवू. त्याला हा बेत अजून सांगितलेला नाही. आदल्या दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला, तर नाल्यांचे पाणी समुद्रात उतरलेले असेल, हे गृहीत धरून त्याला डबक्यांतही उतरू देणार नाही. वाळूचे किल्ले बांधण्यासाठी घमेले आणि फावडे तेवढे सोबत ठेवते.